अवजड यंत्रांच्या सान्निध्यातील सुरक्षा

खाण, कारखाना, रेल्वेचे आवार, रस्त्याचे बांधकाम अशा ठिकाणी माणूस आणि अवजड यंत्र एकाच जागेत, एकाच वेळी वावरत असतात. या सहवासातून उद्भवणाऱ्या इजांची कारणे शोधणे आणि त्या टाळण्याचे उपाय पद्धतशीरपणे योजणे, हा अपघातप्रतिबंधशास्त्राचा विषय होय. या शास्त्राचा पाया विलगीकरणाच्या तत्त्वावर उभा आहे. चालते यंत्र आणि चालता माणूस यांच्यामध्ये अंतराची, वेळेची किंवा भक्कम अडसराची योजना करावयाची, हे ते तत्त्व. कामगाराची सावधगिरी ही त्यानंतरची गोष्ट आहे. तिचे मोल मोठे असले, तरी तिच्या भरवशावर कोणतीही व्यवस्था उभारता येत नाही, कारण दमलेला, घामाघूम झालेला, रात्रपाळीत जागणारा माणूस आठही तास सारखाच सावध राहू शकत नाही.

या विषयाच्या अभ्यासाला नागपूर जिल्ह्याएवढे संपन्न क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. कामठी, सावनेर, उमरेड या पट्ट्यात भूमिगत आणि खुल्या अशा दोन्ही प्रकारच्या कोळसा खाणी आहेत. त्या चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीचे मुख्यालय नागपुरातच असून चंद्रपूर, यवतमाळपासून मध्य प्रदेशातील पेंच-कन्हान खोऱ्यापर्यंतच्या खाणींचा कारभार तेथून चालतो. मॅंगनीजच्या उत्पादनात अग्रेसर असलेल्या ‘मॉइल’चे मुख्यालयही येथेच आहे, तिच्या मनसर, कांद्री, गुमगाव या खाणी जिल्ह्यातच येतात. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रे, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहती, अजनीचे रेल्वे आवार आणि चारही दिशांच्या महामार्गांवरून मालमोटारी जेथे येऊन टेकतात ते वाडीचे ट्रान्सपोर्ट क्षेत्र, यांची त्यात भर घातली म्हणजे अवजड यंत्रांचा जवळजवळ प्रत्येक प्रकार या एका जिल्ह्यात पाहावयास मिळतो. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या, म्हणजे डीजीएमएसच्या, पश्चिम क्षेत्राचे कार्यालयही नागपूरलाच आहे.

या परंपरेचा आरंभ मात्र खाणीत नव्हे, तर कापडगिरणीत सापडतो. १८६७ साली जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोहोचली आणि दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिची व्यवस्था जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे सोपवली. ते पूर्वी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात अधिकारी होते. कापड उद्योगाचा अनुभव त्यांना नव्हता, पण शिस्तीने आवार चालवण्याचा होता. त्या काळच्या गिरणीत एकच वाफेचे इंजिन छताखालच्या लांब दांड्याला फिरवीत असे आणि त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्राकडे उतरत. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात अडकला, तर दांडा थांबवण्याचा उपाय कामगाराच्या हाती नसे. देशातील पहिल्या, १८८१ च्या कारखाने अधिनियमात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची अट आली, ती याच परिस्थितीमुळे. एम्प्रेस मिलने आगीपासून संरक्षण म्हणून स्वयंचलित जलफवारे बसवले आणि हवेत दमटपणा राखणारी यंत्रणा आणली. १८८६ मध्ये तिने निवृत्तिवेतन निधी स्थापन केला आणि १८९५ पासून कामावर इजा झालेल्यांना भरपाई देण्यास प्रारंभ केला. देशभरासाठी कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर २८ वर्षांनी, १९२३ मध्ये झाला. नागपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे आणि ती शहरात पुरेशी सांगितली जात नाही, असे माझे मत आहे.

खाणींच्या बाबतीत १९०१ चा खाण अधिनियम आणि ७ जानेवारी १९०२ रोजी कोलकात्यात स्थापन झालेले खाण निरीक्षण कार्यालय येथून नियमनाला सुरुवात झाली. १९०८ मध्ये हे कार्यालय धनबादला गेले. पुढे १९५२ चा अधिनियम, १९५७ चे कोळसा खाण विनियम आणि त्यांच्या जागी आलेले २०१७ चे विनियम असा हा क्रम आहे. कारखान्यांसाठी १९४८ चा अधिनियम दीर्घकाळ आधारभूत राहिला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि हे दोन्ही अधिनियम तिच्यात विलीन झाले. जुन्या कायद्यांतील तांत्रिक तरतुदी अनेक दशकांच्या अनुभवातून, बहुधा कोणाच्या तरी मृत्यूनंतर, लिहिल्या गेल्या आहेत. म्हणून पुढील विवेचनात त्यांचा आधार घेतला आहे.

इजा कशी घडते यावरून या अपघातांचे पाच वर्ग करता येतात. चालत्या वाहनाची धडक बसणे किंवा त्याखाली सापडणे हा पहिला. वाहन किंवा यंत्र कडेवरून घसरणे, उलटणे हा दुसरा. फिरत्या भागात शरीर किंवा वस्त्र ओढले जाणे हा तिसरा. दाब, उंची, ताण किंवा वीज यांच्या रूपाने साठलेली ऊर्जा अकस्मात मुक्त होणे हा चौथा, आणि उचललेला भार पडणे किंवा झुलणे हा पाचवा. वर्ग बदलला की उपायही बदलतो. शिरस्त्राण पाचव्या वर्गात काही अंशी उपयोगी पडते, पहिल्या वर्गात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

पहिल्या वर्गाचे ठळक उदाहरण म्हणजे खुल्या खाणीतील डंपर. विदर्भातील खाणींत ३५, ६० आणि १०० टन क्षमतेचे डंपर वापरात आहेत. १०० टनी डंपरच्या चाकाचीच उंची सुमारे पावणेतीन मीटर असते. माल भरल्यावर त्याचे एकूण वजन दीडशे टनांच्या वर जाते. चालकाची केबिन चाकांच्या वर, बहुधा डाव्या अंगाला असते. परिणामी वाहनाच्या अगदी पुढचा काही मीटरांचा पट्टा, उजव्या अंगाचा मोठा भाग आणि मागची सगळी बाजू चालकाच्या थेट दृष्टीआड राहते. या अंधक्षेत्रात उभा असलेला माणूसच काय, सर्वेक्षकाची जीपसुद्धा त्याला दिसत नाही. त्यातून वेगाचे गणित वेगळेच. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सव्वाआठ मीटर कापते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच वाहन साडेबारा मीटर पुढे आलेले असते. भरलेला डंपर थांबायला त्यापुढे किती अंतर घेईल, हे रस्त्याचा उतार आणि ओल ठरवते.

म्हणून खाणीतील वाहतूक-मार्ग, म्हणजे हॉल रोड, हे सुरक्षेचे पहिले साधन मानले जाते. त्याची रुंदी त्यावरून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या वाहनावरून ठरते. चढ सामान्यतः १६ ला १ यापेक्षा तीव्र नसावा, असा विनियमांचा दंडक आहे. लहान अंतराच्या रॅम्पवर १० ला १ पर्यंत सवलत मिळते. उघड्या कडेला मातीचा व दगडाचा भक्कम बांध हवा. वळणावर समोरचे दिसेल अशी मोकळीक हवी. जीप, दुचाकी आणि पायी चालणारे यांचे मार्ग डंपरच्या मार्गापासून वेगळे असावेत आणि जेथे ते एकमेकांना छेदतात तेथे थांबा व फाटक असावे. खाणीत शिरणाऱ्या लहान वाहनाला उंच काठीवर झेंडी व दिवा लावतात. अंधक्षेत्रात सापडले तरी डंपरच्या चालकाला निदान ती झेंडी दिसावी, हा त्यामागील हेतू होय.

पाळी सुरू होताना डंपर ऑपरेटर वाहनाभोवती एक पूर्ण फेरी मारतो. चाकांचे नट, टायरवरचे काप, तेलाची गळती, दिवे, आरसे, ब्रेक, स्टिअरिंग, मागे जातानाचा इशारा-गजर आणि अग्निशामक नळकांडे, असे सारे पाहून तो लॉगबुकात नोंद करतो. या फेरीचा दुसरा, अनेकदा दुर्लक्षित राहणारा उपयोग असा, की वाहनाखाली किंवा चाकाच्या सावलीत कोणी बसले-झोपले नाही, याची खात्री होते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंश ओलांडतो तेव्हा खुल्या खाणीत सावली मिळते ती यंत्रांचीच. इंजिन सुरू करताना एक, पुढे निघताना दोन आणि मागे जाताना तीन भोंगे देण्याचा संकेत अनेक खाणींत रूढ आहे. भोंग्यानंतर लगेच निघू नये, काही सेकंद थांबावे. कोणी जवळ असलाच तर त्याला दूर होण्यास वेळ मिळाला पाहिजे.

मागे येणारा डंपर सर्वांत घातक. इशारा-गजराचा शोध १९६० च्या दशकात लागला आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले, परंतु एकाच जागी दहा यंत्रांचे गजर दिवसभर वाजत असतील, तर कान त्यांना सरावतो. अशा ठिकाणी स्पॉटरची, म्हणजे दिशादर्शकाची, नेमणूक अपरिहार्य ठरते. त्याने चालकाच्या आरशात दिसेल अशाच जागी उभे राहावयाचे असते. तो आरशातून नाहीसा झाला की चालकाने वाहन जागीच रोखावयाचे, हा नियम तडजोडीला जागा ठेवत नाही. याहूनही उत्तम उपाय म्हणजे मागे जाण्याची गरजच कमी करणे. माल उतरवण्याच्या जागेला वळसा घालून पुढच्या पुढे बाहेर पडता येईल अशी आखणी वाडी-बुटीबोरीच्या गोदामांतही करता येते. त्यासाठी जागा लागते आणि ती पहिल्या नकाशातच राखून ठेवावी लागते.

दुसऱ्या वर्गात विदर्भाची माती स्वतःच एक कारण ठरते. कोळशावरचे आवरण, ज्याला खाणीत ‘ओबी’ म्हणतात, त्यात वरचा थर काळ्या कापूस-मातीचा असतो. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसात ती पाणी शोषून फुगते आणि तिची पकड नाहीशी होते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर हॉल रोडवर डंपरची चाके घसरू लागतात आणि ओबीच्या पायऱ्यांत, तसेच बाहेर रचलेल्या डम्पमध्ये भेगा दिसू लागतात. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कावडी खुल्या खाणीत २४ जून २००० रोजी ओबीच्या पायऱ्या कोसळून १० जणांचा मृत्यू झाला. या प्रदेशातील खाणकामाच्या इतिहासात हा दिवस ठळकपणे नोंदला गेला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी माथ्यावर चर खणून पाणी बाहेर वळवणे, पायऱ्यांची उंची व रुंदी प्रमाणात ठेवणे, भेगांची रोज पाहणी करणे आणि भेग रुंदावत असल्यास खालचे शॉव्हेल व डंपर तत्काळ हलवणे, हे त्यावरचे उपाय आहेत. डम्पच्या कडेवर डंपरने माल थेट खाली लोटू नये. कडेच्या अलीकडे टाकावा आणि डोझरने पुढे सारावा. कडेचा पृष्ठभाग आतल्या बाजूस किंचित उतरता ठेवला, तर पाणीही कडेकडे धावत नाही आणि वाहनही.

उलटणाऱ्या यंत्रात चालकाचा जीव वाचवणारी रचना म्हणजे उलटसंरक्षक चौकट. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली आणि ट्रॅक्टरखाली चिरडून होणारे मृत्यू तेथे फार मोठ्या प्रमाणात घटले. नागपूर हे ट्रॅक्टर निर्मितीचेही केंद्र आहे. हिंगण्याच्या वसाहतीत महिंद्राचा कारखाना आहे. चौकटीचा लाभ पट्टा बांधलेल्या चालकालाच पूर्णपणे मिळतो, ही गोष्ट डोझर, ग्रेडर आणि ट्रॅक्टर या तिन्हींच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगावी लागते, कारण यंत्र कलंडताना बाहेर उडी मारण्याची उपजत ओढ असते आणि तीच घातक ठरते.

भूमिगत खाणींत वाहतूक दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या डब्यांतून होत असे आणि काही ठिकाणी अजूनही होते. तिला हॉलेज म्हणतात. उतरणीवर दोर तुटला किंवा जोडणी निसटली, तर डब्यांची माळ अरुंद बोगद्यातून सुसाट खाली येते. पळायला जागा नसते. १९५७ च्या विनियमांनी त्यावर दिलेला उपाय मला या सगळ्या साहित्यातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला भाग वाटतो. हॉलेजच्या मार्गात भिंतीमध्ये कोनाडे खोदावेत, त्यांना मॅनहोल म्हणतात. दोन कोनाड्यांतील अंतर १० मीटरांहून जास्त नसावे. उतार सौम्य असेल तर ते २० मीटरांपर्यंत चालेल. कोनाड्याची उंची किमान १.८ मीटर, खोली १.२ मीटर आणि रुंदी पाऊण मीटर ते एक मीटर असावी. रुंदीला वरची मर्यादाही घातली आहे, कारण कोनाडा फार रुंद झाला तर भरकटलेला डबाच आत शिरू शकतो. कोनाडा आतून आणि त्याच्या कडेभोवती चुन्याने पांढरा केलेला असावा, म्हणजे टोपीवरच्या दिव्याच्या प्रकाशात तो चटकन ओळखू येतो. त्यात कोणतीही वस्तू ठेवता कामा नये. ही शेवटची अट वाचताना लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष खाणीत काय काय पाहिले असेल, याची कल्पना येते: टेकवून ठेवलेली लाकडे, जुने रूळ, दुरुस्तीचे सामान, आणि ऐन वेळी आत शिरू न शकलेला माणूस. याखेरीज मार्गात अडथळा-ठोकळे आणि निसटलेले डबे रोखणारी साधने बसवलेली असतात. डबे चालू असताना त्या मार्गावर पायी प्रवासास मनाई असते.

सुरक्षेचा प्रश्न रचनेनेच सुटतो याचा आणखी एक पुरावा रेल्वेने दिला आहे. दोन डबे जोडताना शंटरला बफरांच्या मधे शिरावे लागे आणि क्षणाचा अंदाज चुकला की तो चिरडला जाई. अमेरिकेने १८९३ मध्ये कायदा करून स्वयंचलित जोडणी आणि हवेचे ब्रेक सक्तीचे केले. माणूस मधे शिरण्याची गरजच संपली आणि त्याबरोबर त्या जातीचे अपघातही आटोक्यात आले. शंटरांना अधिक सावध राहण्याच्या सूचना त्यापूर्वीही दिल्या जातच होत्या.

तिसऱ्या वर्गाचे उदाहरण म्हणजे कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत कोळसा वाहून नेणारे कित्येक मीटर लांबीचे वाहकपट्टे. पट्टा जेथे रोलरला भिडतो तेथे जो चिमटा निर्माण होतो, त्याला ग्रासबिंदू म्हणता येईल. पट्टा सेकंदाला तीन मीटर वेगाने धावत असेल, तर हात सापडल्याचे कळून तो मागे खेचण्याचा विचार मनात येईपर्यंत, म्हणजे अर्ध्या सेकंदात, दीड मीटर पट्टा आत गेलेला असतो. हाताच्या शक्तीने ही शर्यत जिंकता येत नाही. म्हणून ग्रासबिंदूवर जाळी, पट्ट्याच्या संपूर्ण लांबीत ओढताक्षणी यंत्र थांबवणारी दोरी आणि सांडलेला कोळसा पट्टा थांबवूनच काढण्याचा नियम, अशी तिहेरी योजना असते. १९४८ च्या अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्रांना संरक्षक कुंपण सक्तीचे केले. चालू यंत्राची तपासणी अपरिहार्यच असेल, तर ती खास प्रशिक्षित, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या कामगारानेच करावी, असे कलम २२ सांगत असे.

दुरुस्तीच्या वेळी होणारे अपघात बहुतांशी एकाच साच्याचे असतात: आत माणूस आहे हे ठाऊक नसलेला दुसरा माणूस कळ दाबतो. त्यावरचा उपाय कुलूपबंद-चिठ्ठी पद्धती हा आहे. यंत्राचा वीजपुरवठा तोडून खटक्याला प्रत्येक दुरुस्ती कामगाराने स्वतःचे कुलूप लावावयाचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावयाची. चौघे काम करीत असतील तर चार कुलुपे. कुलूप लावल्यावर यंत्र सुरू करून पाहावे, म्हणजे चुकीचा खटका बंद केला असल्यास तेव्हाच उघड होते. अमेरिकेत १९८९ मध्ये ही पद्धती नियमबद्ध झाली. आपल्याकडे मोठ्या कारखान्यांत ती आली आहे. लहान कार्यशाळांत अजूनही ‘काम चालू आहे’ असा पुठ्ठा टांगून भागवले जाते.

चौथ्या वर्गातील साठलेली ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही. मालमोटारींच्या अनेक चाकांवर टायर जागी धरून ठेवणारी लोखंडी लॉक-रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना प्रचंड वेगाने सुटते आणि समोरच्याच्या डोक्यावर किंवा छातीवर बसते. लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरणे हा त्यावरचा साधा उपाय. महामार्गालगतच्या पंक्चरच्या दुकानांत असा पिंजरा क्वचितच दिसतो, याचे दुःख वाटते. त्यासाठी लागते ते थोडेसे लोखंड आणि वेल्डिंग. टायर बसवलेल्या रिमवर वेल्डिंग मात्र कधीही करू नये. उष्णतेने टायरच्या आतील रबराचे विघटन होऊन ज्वालाग्राही वायू तयार होतात आणि हवा सोडलेला टायरही फुटू शकतो. टिपरचा डाला वर करून त्याखाली काम करावयाचे असल्यास हायड्रॉलिक दाबावर विसंबू नये. डाल्याला लोखंडी टेकू द्यावा, कारण एक नळी फुटली की डाला खाली येतो.

वर केलेला डाला विजेच्या तारेला लागणे हा याच वर्गातील अपघात. अशा वेळी चालकाने केबिनमध्येच बसून राहावे आणि इतरांना दूर राहण्यास सांगावे. पुरवठा खंडित झाल्याची खात्री होईपर्यंत खाली उतरू नये. वाहनाला आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर दोन्ही पाय जुळवून, वाहनाला हात न लावता उडी मारावी आणि पाय न उचलता, जमिनीवर घासत दूर जावे. जमिनीत पसरलेल्या विजेचा दाब अंतरागणिक बदलतो. पावले फाकली की त्या फरकामुळे शरीरातून प्रवाह वाहतो.

पाचव्या वर्गाबद्दल, म्हणजे क्रेनच्या बाबतीत, थोडक्यात सांगावयाचे तर उचललेल्या भाराखाली कोणी नसावे आणि भार दोरीने आवरून न्यावा. फिरत्या क्रेनच्या रुळांजवळ कोणी काम करीत असेल, तर क्रेन त्या जागेपासून सहा मीटरांच्या आत येऊ नये, असे कलम २९ मध्ये नमूद होते. साखळ्या-दोरखंडांची निदान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणीही त्यात सक्तीची होती. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या कामावर १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा बळी गेला. भार जितका मोठा, तितके त्याच्या खालचे क्षेत्र रिकामे ठेवण्याचे महत्त्व वाढते.

उपायांची श्रेणी शास्त्राने निश्चित केली आहे. धोका समूळ काढणे प्रथम, कमी धोक्याचा पर्याय नंतर, मग यांत्रिक अडसर, त्याखाली नियम आणि प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी शिरस्त्राण, बूट, चकाकते जाकीट ही वैयक्तिक साधने. व्यवहारात ही शिडी उलटी चढली जाते, कारण जाकीट स्वस्त असते आणि रस्ता महाग. याला काही अंशी एक जुना सिद्धान्तही जबाबदार आहे. विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि इजा न झालेले ३०० प्रसंग असतात, असे प्रमाण मांडले. थोडक्यात हुकलेल्या प्रसंगांची नोंद ठेवावी हा त्यातील मोलाचा भाग. पण बहुतेक अपघात कामगाराच्या चुकीने घडतात असेही त्यांनी प्रतिपादन केले आणि त्या वाक्याची सावली आजही चौकशी अहवालांवर पडते. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले की चौकशी तेथेच संपते. रस्ता अरुंद का होता, दिवा बंद का होता, पाळी बारा तासांची का झाली, हे विचारायचे राहून जाते.

पाळीचा प्रश्न गौण नाही. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने चालकाला दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांहून अधिक काम होण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती, अशी मर्यादा घातली. जेथे खेपेवर पैसे मिळतात, तेथे ती मर्यादा कागदावरच राहते. खाणींत ओबी वाहून नेण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर ठेकेदारांचे टिपर करतात. त्या चालकांना १९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार प्रशिक्षण, तसेच वैद्यकीय तपासणी आणि डोळ्यांची परीक्षा लागू आहे, आणि कंपनीच्या कायम कामगारांइतक्याच काटेकोरपणे हे सारे झाले पाहिजे. उन्हाळ्यात थंड केबिन, पिण्याचे पाणी आणि दुपारच्या कामाची फेरआखणी या गोष्टी सुखसोयींच्या सदरात मोडत नाहीत. उष्णतेने शिणलेल्या मेंदूचा प्रतिसाद मंदावतो आणि वर मांडलेल्या दीड सेकंदाचे दोन सेकंद होऊ शकतात.

अलीकडे डंपरवर मागील बाजूचे कॅमेरे, जवळ आलेल्या वाहनाची सूचना देणारी साधने, चालकाच्या पापण्यांची हालचाल टिपून झापड ओळखणारी यंत्रणा आणि खाणीच्या उतारातील सूक्ष्म सरकण मोजणारे रडार हे सारे उपलब्ध झाले आहे. ही साधने अंधक्षेत्र लहान करतात, नाहीसे करीत नाहीत. उन्हाळ्यात कोळशाची धूळ आणि पावसाळ्यात चिखल यांमुळे कॅमेऱ्याची काच एका पाळीतच आंधळी होऊ शकते. त्यामुळे पाळीच्या आरंभीच्या फेरीत, टायर आणि ब्रेकच्या बरोबरीने, कॅमेऱ्याची काच पुसणे आणि केबिनमधील पडद्यावर चित्र स्वच्छ उमटते की नाही ते पाहणे, यांचाही समावेश करावा लागतो.